शेपटीचा संप

आमच्या घरात पहाटे सगळ्यात आधी जो आवाज होतो तो दूधवाल्याचा नव्हे, राजाच्या शेपटीचा. मी कॉटवरून पाय खाली टाकले की बाहेर पत्र्याच्या कपाटावर धप् धप् सुरू होतं. गेल्या डिसेंबरात एका सोमवारी ते झालंच नाही. मी चहा टाकला, दार उघडलं, पेपर आत घेतला, तरी गडी जागचा हलेना. नुसते डोळे वर करून बघत होता.

राजा म्हणजे आमचा लॅब्रॅडॉर. वय सहा, वजन चौतीस किलो. मूळचा नातवाचा. नातू शिकायला पुण्याला गेला आणि कुत्रा आमच्या गळ्यात पडला (ही म्हणते पदरात पडला, एवढाच काय तो मतभेद). एरवी त्याचा व्यायाम म्हणजे माझ्याबरोबर कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत जाणं आणि परत. माझे गुडघे जेवढे चालतात तेवढा तो चालतो.

नातू सुट्टीला आला होता, म्हणून रविवारी सकाळी आम्ही त्याला हिप्परग्याच्या तलावावर नेलं. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, तुळजापूर रस्त्यावरचा हा ब्रिटिशांच्या काळातला तलाव, कागदोपत्री नाव एकरुख. थंडीत पाणी चांगलंच गार असतं. राजाला पाणी दिसलं आणि तो वेडा झाला. मी काठावर बसून काठी फेकायची, त्यानं पोहत जाऊन आणायची. नातू म्हणाला, "आजोबा, बास आता, दमला तो." मी म्हटलं, "अरे कुठं दमलाय? अजून एकदा." हे 'अजून एकदा' किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. खरं सांगायचं तर मलाच मजा येत होती. नंतर तसाच ओला कुत्रा गाडीच्या मागच्या डिकीत कोंबून घरी आणला.

सोमवारी तो उठेना तेव्हा मी काय म्हणालो? "सोंग करतोय. काल लाड झाले ना!" छत्तीस वर्षं शिकवण्यात गेली, जीभ त्याच वळणाची झाली आहे.

सोंग नाही हे हिनं ओळखलं. "अहो, त्याची शेपटी बघा." बुडापासून तीन-चार बोटं शेपटी आडवी सरळ, आणि तिथून पुढं ओल्या दोरीसारखी खाली लोंबत होती. बसायला गेला की कण्हायचा. मी बुडाशी हात लावला तर मान वळवून माझं मनगट तोंडात धरलं. चावला नाही, नुसतं धरलं.

मग सल्ले सुरू झाले. शेजारच्यांनी मोडली म्हणून सांगून टाकलं. कुणी म्हणालं पट्टी बांधा, कुणी म्हणालं हळद-चुना लावा. मी स्वतःही शहाणपणात कमी नाही. माझ्या गुडघ्याची गोळी अर्धी करून भाकरीच्या तुकड्यात घातली होती. तेवढ्यात नातू ओरडला, "आजोबा, ती नका देऊ!" आणि त्यानं तुकडा हातातून काढून घेतला.

गुरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी कणा आणि शेपटी मणक्या-मणक्यानं दाबून पाहिली, मागचे पाय तपासले. "सर, काल पोहला का?" हाच पहिला प्रश्न. मला वाटलं, ह्यांना कुणी सांगितलं? मग त्यांनी समजावलं. पोहताना कुत्रा शेपटी सुकाणूसारखी वापरतो. सवय नसताना तासभर गार पाण्यात असं झालं की बुडाशी असलेले स्नायू दुखावतात, सुजतात आणि शेपटी उचलायचं काम सोडून देतात. इंग्रजीत ह्याला लिंबर टेल किंवा कोल्ड टेल म्हणतात. शिकारी जातींत आणि लॅब्रॅडॉरमध्ये जास्त. अरुंद जागेत कोंबून प्रवास केला तरी होतं, म्हणजे आमची डिकीही गुन्ह्यात सामील. नातवानं नंतर शोधून वाचून दाखवलं की एडिंबरोच्या विद्यापीठाच्या लोकांनी २०१६ साली लॅब्रॅडॉरवर अभ्यास केला होता. पोहणाऱ्या कुत्र्यांत हे जास्त दिसलं, आणि ब्रिटनच्या थंड उत्तर भागातल्या कुत्र्यांत आणखी जास्त.

गोळीचं मी कबूल केलं. डॉक्टर गंभीर झाले. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक असल्या माणसांच्या वेदनाशामक गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं जातात. (ह्याच डायक्लोफेनॅकनं आपल्या देशातली गिधाडं संपत आणली. औषध दिलेलं जनावर मेलं की ते खाऊन गिधाडं मरायची. म्हणून २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली.) त्यांनी वजनावर हिशेब करून कुत्र्याला चालणारं औषध दिलं, तेही खाणं झाल्यावरच द्यायचं. लेप नको, चाटून पोटात जाईल. पट्टी नको. विश्रांती आणि शेक. चार-पाच दिवसांत फरक नाही पडला, किंवा मागचे पाय लडखडले, शी-शू अडली, तर लगेच या, फोटो काढू.

मग आठवडाभर माझी ड्यूटी. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळायची, आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघायची, मग दहा मिनिटं त्याच्या बुडाशी. सकाळ-संध्याकाळ. त्याच्या अंथरुणाखाली सोलापुरी चादरीच्या दोन घड्या जादा. जिना बंद. शीला बसताना त्याला फार दुखायचं. दोनदा प्रयत्न करून तो तसाच परत यायचा आणि ओशाळल्यासारखा बघायचा. ते मला बघवत नव्हतं.

शेक देताना एक मुलगा आठवला. सातवीतला, १९८४-८५ च्या सुमाराचा. खेळाच्या दुसऱ्या दिवशी वर्गात बाकावर एका अंगाला कलून बसला होता. नीट बस म्हटलं तर बसेना. मी म्हटलं, सोंग पुरे, आणि तासभर उभा केला. तो काही बोलला नाही. त्याची आई दुसऱ्या दिवशी आली ती भांडायला नव्हे, सुट्टीचा अर्ज द्यायला. कमरेचा स्नायू दुखावला होता. मी अर्जावर सही केली. बाकी काही म्हणालो नाही. आज तो कुठं आहे मला माहीत नाही.

चौथ्या दिवशी शेपटीचं टोक हललं. तेही फक्त डावीकडं, घड्याळाचा काटा अडकल्यासारखं. निमित्त काय, तर ही भाकरी थापत होती. आठव्या दिवशी कपाटावर पहिला धप् झाला, हळूच, अंदाज घेत. मी कॉटवरच बसून राहिलो. दुसरा होईपर्यंत पाय खाली टाकले नाहीत.

नातू परत गेला आहे. रोज रात्री व्हिडिओवर आधी शेपटी दाखवावी लागते, मग आमची चौकशी होते. परवा विचारत होता, "आजोबा, हिप्परग्याला परत कधी?" मी म्हटलं, ऊन तापू दे जरा. आधी आठवडाभर रोज थोडं थोडं चालवतो त्याला. आणि काठी तू फेकायची.