पाच मिनिटं आणि समोर कुणीच नाही

आमच्या मित्रमंडळींनी यंदा एक नवीन टूम काढली आहे. प्रत्येकाने एखाद्या पेटलेल्या विषयावर ठाम बाजू घ्यायची, पाच मिनिटांचं भाषण मोबाइलवर रेकॉर्ड करायचं आणि सगळ्यांना पाठवायचं. माझ्या वाट्याला आला शक्तिपीठ महामार्ग. बाजू विरोधाची.

आता परभणीच्या माणसाला हा विषय म्हणजे नुसती पेपरातली बातमी नाही. मामाची साडेतीन एकर जमीन आखणीत येते. मामा म्हणतो, जीव गेला तरी देणार नाही. मामेभाऊ म्हणतो, मावेजा चांगला मिळत असेल तर देऊन मोकळं व्हावं. दोघं एका पंगतीला जेवतात, पण बोलणं बंद. आणि माझं भाषण दोघंही ऐकणार!

आधी माहिती गोळा केली. २०२५ च्या आखणीनुसार वर्ध्याच्या पवनारपासून गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीपर्यंत साधारण ८०२ किलोमीटर, १२ जिल्हे. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने याला मान्यता दिली, सोबत सुमारे २० हजार कोटींची तरतूद. विरोधकांचा मुख्य मुद्दाही तयारच होता: नागपूर-रत्नागिरी राष्ट्रीय महामार्ग असताना त्याच दिशेने दुसरा कशाला? त्याला जोडून काळ्या आईवर चार ओळी लिहिल्या. वाचताना माझाच गळा दाटून आला.

पण रेकॉर्डिंगची गंमत अशी, की समोर कुणी नसतं. सभेत बोलताना कुणी जांभई देतं, कुणी मधेच "अहो, पण..." म्हणतं, आणि आपण सावरून घेतो. मोबाइल बिचारा सगळं निमूट ऐकतो. म्हणून मी समोरच्या रिकाम्या खुर्चीत मनातल्या मनात मामेभावाला बसवलं.

तो लगेच म्हणाला, "दादा, सोयाबीनचा हिशोब मांडलायस कधी? बियाणं, खत, फवारणी, मजुरी वजा जाता हातात काय राहतं? आणि साडेतीन एकरात दोघा भावांची वाटणी कशी करायची?"

काळ्या आईच्या चार ओळींत याचं उत्तर नव्हतं. त्या काढून टाकल्या. मामाला त्या आवडल्या असत्या, पण मामाला पटवायची गरजच कुठे आहे?

मग मावेजा कसा ठरतो ते वाचायला घेतलं. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाजारभाव काढताना रेडी रेकनरचा दर आणि आसपासची मागच्या तीन वर्षांतली खरेदीखतं बघतात. मुद्रांक शुल्क वाचवायला खरेदीखतात भाव कमी दाखवायची आपल्याकडची सवय सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे कागदावरचा भाव पडका, तर मावेजाही त्याच हिशोबाने. त्या पैशात तेवढीच जमीन दुसरीकडे मिळेल का? मामेभावाला विचारावा असा प्रश्न हा आहे, कारण तो त्याच्या हिशोबातला आहे.

आता भाषणाची सुरुवातच त्याच्या बाजूने होते. शेती परवडत नाही, हे मी आधी त्याच्यापेक्षा जोरात सांगतो. मग म्हणतो, एकरी किती देणार ते गावात लेखी लावा, मोजणीचं नंतर बघू. तोवर माझा विरोध.

चार मिनिटं पन्नास सेकंद भरतात. अजून कुणाला पाठवलेलं नाही. आधी मामेभावाला एकट्याला ऐकवणार आहे. त्याने पहिल्या दोन मिनिटांत मान डोलावली, तर पुढची तीन कामाची. नाहीतर पुन्हा लिहायला बसायचं!