इंजिनखोलीतला दिवा

आमचे गाव हर्णै बंदर. आमच्या बऱ्याच बोटी सुवर्णदुर्गाच्या आडोशाला नांगरून उभ्या असतात. दिवाळीच्या सुट्टीत मी हट्ट करून एक रात्र बाबांबरोबर बोटीवर राहिलो. त्या रात्री काय झाले ते लिहितो.

बोट नांगरावर असली की इंजिन बंद. इंजिन बंद म्हणजे बॅटरीत नवीन वीज भरत नाही, असलेली फक्त खर्च होत जाते. घरी वीज तारेतून येत राहते, म्हणून आपल्याला हे कळत नाही. बोटीवर मात्र डब्यातल्या तांदळासारखे असते. आणि डोलकाठीवरचा पांढरा दिवा रात्रभर जळलाच पाहिजे. तो चारी बाजूंनी दिसावा लागतो, नाहीतर येणाऱ्या बोटीला आपण दिसणार कसे?

जेवणानंतर माझा भोवरा घरंगळत इंजिनखोलीत गेला. मी आतला दिवा लावून खाली उतरलो, भोवरा घेतला, वर आलो आणि झाकण लावले. दिवा विझवायचा राहिला. झाकणामुळे वरून कोणाला दिसला नाही. मी मस्त झोपलो.

पहाटे चारच्या सुमारास बाबांच्या ओरडण्याने जाग आली. डोलकाठीवरचा दिवा निखाऱ्यासारखा लाल झाला होता आणि मासे घेऊन परतणारी एक मोठी बोट सरळ आमच्यावर येत होती. बाबा हातातली विजेरी जोरजोरात हलवत होते, खलाशी पत्र्याचा डबा बडवत होते. अगदी जवळ आल्यावर ती बोट वळली. तिच्या लाटेने आमची भांडी पडली. मला तर रडूच आले.

बाबांनी सेल्फ मारला. नुसते टक् टक्. इंजिन सुरू होईना. शेवटी शेजारच्या बोटीवरची बॅटरी होडीतून आणली तेव्हा ते सुरू झाले.

नंतर बाबांनी मला हिशोब सांगितला. वॅटला व्होल्टने भागायचे. आमची बॅटरी 12 व्होल्टची. इंजिनखोलीतला दिवा 60 वॅटचा, म्हणजे 5 अँपिअर. सात तासांत 35 गेले. डोलकाठीचा 25 वॅटचा, म्हणजे साधारण 2. तो दहा तास जळला, त्याचे 20 झाले. एकूण 55. बॅटरीवर 100 लिहिलेले आहे, पण जुनी बॅटरी तेवढे देत नाही, आणि अर्ध्याच्या खाली उतरली की खराब होते. (गुरुजी, हा भागाकार मला लगेच जमला.)

आता बाबांनी दोन बॅटऱ्या केल्या आहेत. एक फक्त इंजिनासाठी, तिला रात्री हात लावायचा नाही. डोलकाठीवर 5 वॅटचा एलईडी दिवा बसवला. तो तासाला अर्धा अँपिअरसुद्धा खात नाही.

पण एक गोष्ट राहिली आहे. त्या पहाटे बाबा इंजिन बघणाऱ्या काकांना खूप बोलले. काका म्हणाले, "मी विझवला होता रे, तांडेल." कोणी ऐकले नाही. मी शेजारीच उभा होतो, खिशात भोवरा होता, आणि गप्प बसलो. बाबांना मी आठ दिवसांनी खरे सांगितले. काकांना अजून सांगितलेले नाही. त्यांची मुलगी आपल्याच वर्गात आहे.

शनिवारी पालकसभेला काका येणार आहेत. ते भित्तिपत्रक नेहमी उभे राहून सगळे वाचतात.

— इयत्ता सातवी