सायलेंट गाडी

आमच्याकडे जुनी मोटारसायकल डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त विकली जाते. बीदर जिल्ह्यातल्या हुलसूरला गिऱ्हाईक येतं, टाकीवर हात फिरवतं, किक मारतं आणि मान तिरकी करून उभं राहतं. पुढच्या चाकाचं बेअरिंग, मागचे बुश, स्प्रॉकेटचे झिजलेले दात बघायला कुणी खाली वाकत नाही. इंजिन वाजत नसलं की सौदा झालाच म्हणून समजा. ‘एकदम सायलेंट आहे’ या शब्दांना आमच्या भागात आरसी बुकापेक्षा जास्त वजन आहे. ते वजन वाढवण्यात माझाही हात आहे, हे आधीच सांगून टाकतो.

माझ्या हातची गाडी वाजत नाही, अशी माझी ख्याती होती. भालकी रस्त्यापासून पार सस्तापूर बंगल्यापर्यंतचे लोक टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, लावून घ्यायला यायचे. फट मोजायचं फिलर गेज पेटीत असायचं, पण तेलकट कागदात गुंडाळून तळाशी. ते बाहेर काढणं मला कमीपणाचं वाटे. मॅग्नेटवरची टीची खूण जुळवायची, रॉकर दोन बोटांत धरून खाली-वर हलवायचा, नट आवळायचा, गाडी चालू करायची आणि ऐकायचं. ऐकताना मी डोळे मिटत असे. त्याची काही गरज नव्हती. बघणाऱ्यांवर छाप पडत असे, म्हणून मिटत असे.

आता ते कान राहिले नाहीत. बोलणं नीट ऐकू येतं, ट्रकचा हॉर्न येतो, फुटका सायलेन्सर तर येतोच. गेलेत ते बारीक आवाज. आधी रातकिडे गेले, मग मोबाईलची रिंग. एका सकाळी दुकानात बसलेला मुलगा म्हणाला, ‘‘मामा, टिक टिक यायलंय की.’’ मी कान लावला. मला नुसतं इंजिन ऐकू आलं, गोड, एकसारखं. माझ्या लेखी ती गाडी सायलेंट होती.

हा मुलगा मला मामा म्हणतो, नात्याने कुणी लागत नाही. बसवकल्याणच्या कॉलेजात जायचा. सोयाबीनच्या पैशात बापाने त्याला पहिली गाडी घेऊन दिली, 2012ची स्प्लेंडर प्लस, एमएच-24 म्हणजे लातूर पासिंग. आमच्याकडे एमएच पासिंगची गाडी स्वस्त मिळते आणि नवखे तिथेच फसतात. केए-38 बीदर, केए-39 भालकी, केए-56 बसवकल्याण, एवढ्या पाट्या सोडून चौथी पाटी दिसली की किंमत उतरते. ती का उतरते, ते कुणी विचारत नाही. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली की मोटार वाहन कायद्याच्या 47व्या कलमाप्रमाणे इथे नव्याने नोंदवावी लागते. त्यासाठी तिकडच्या ऑफिसची एनओसी, म्हणजे 28 नंबरचा फॉर्म, मग इथला रोड टॅक्स. गाडी कर्जावर घेतलेली असेल आणि आधीच्या मालकाने बँकेचं नाव काढलेलं नसेल, तर 35 नंबरच्या फॉर्मसाठी त्याला शोधत फिरा. तो पुण्याला गेलेला असतो. निलंगा, औराद शहाजनी, कासारशिरसी ही सगळी गावं आमच्या रोजच्या जाण्यायेण्यातली. 1956 पर्यंत निलंगा आणि आम्ही एकाच बीदर जिल्ह्यात होतो. सोयरिकी अजून तिकडेच होतात, पण गाडी तिकडून आणली की ती परराज्यातली ठरते. बहुतेक लोक नाव न बदलता तशीच फिरवतात आणि तशीच पुढे विकतात. या मुलाने मात्र सगळे कागद एकट्याने केले. चेसिस नंबरावर कागद धरून पेन्सिल घासून छापही स्वतःच घेतला. एजंटाला एक रुपया दिला नाही. असा माणूस धंद्याच्या दृष्टीने तापदायक असतो.

आणि त्याने फिलर गेज विकत घेतलं.

खरी अडचण इथून सुरू होते. ती माझ्या डोक्यातून अजून गेलेली नाही. या इंजिनाला टॅपेटची फट ठेवायची मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकी, 0.05. त्याने गेजची तेवढी पट्टी घातली, अगदी पुस्तकात असते तशी, किंचित अडत सरकणारी. नट आवळला, पुन्हा तपासलं, बरोबर. आवळताना फट हलते हेही त्याला न सांगता कळलं होतं. गाडी चालू केली तर वाजते. त्याने पुन्हा उघडलं, पुन्हा 0.05, पुन्हा वाजते. तो म्हणाला, ‘‘गेज चुकायलंय का?’’ गेज चुकत नव्हतं. पंधरा-वीस हजार किलोमीटर कुणी न बघता चाललेल्या गाडीत टॅपेट स्क्रूचं तोंड सपाट राहत नाही. व्हॉल्व्हचं टोक त्यात बसून बसून मधोमध खळगा पडतो. खड्ड्यावर फळी टाकावी तशी गेजची पट्टी त्या खळग्यावर आडवी पडते आणि खालची पोकळी मोजतच नाही. पट्टी सांगते 0.05, प्रत्यक्षात फट असते कितीतरी जास्त. जुन्या गाडीत गेज खरं बोलून खोटं सांगतं. माझं बोट आणि कान यांना तो खळगा कळत असे, म्हणून तर मी गेजला हसत असे.

मुलगा म्हणाला, ‘‘मग स्क्रूच बदलू की.’’ बदलला. आवाज निम्मा झाला, गेला नाही. व्हॉल्व्हचं टोकही झिजलेलं असतं, रॉकरची पिनही ढिली असते, आणि रॉकरचं जे अंग कॅमवर घासतं तेही. प्रत्येक ठिकाणी थोडी थोडी मोकळीक, सगळी मिळून एक टिक. मिनिटाला चौदाशे फेऱ्यांवर इंजिन सोडलं तर एकेक टॅपेट सातशे वेळा वाजतो. नवीन गाडीत ही फट एकाच जागी असते. जुन्या गाडीत ती चार जागी वाटली गेलेली असते आणि स्क्रू फिरवायला मिळतो तो एकाच जागी. मग त्या एका स्क्रूने बाकी तिघांची भरपाई करायची? केली तर किती? याला आकडा नाही. पुस्तक लिहिणाऱ्याने नवीन इंजिन समोर ठेवून लिहिलं आहे.

भरपाई जास्त केली की गाडी सायलेंट होते आणि मरायला लागते. हे गिऱ्हाइकाला सांगून पटत नाही. वाजणारा टॅपेट सहसा कुणाचं फार वाईट करत नाही. न वाजणारा करतो. इंजिन तापलं की व्हॉल्व्हचा दांडा लांबतो. फटच ठेवलेली नसेल तर एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, केसाएवढा उघडा राहतो. व्हॉल्व्हची उष्णता उतरते ती मुख्यतः सीटवर टेकल्यावर. टेकलाच नाही तर ती उतरणार कुठे? त्या बारीक फटीतून पेटलेला वायू जातो आणि व्हॉल्व्हची कड जाळत नेतो. मग किक हलकी लागते, गरम गाडी चालू होत नाही, ॲव्हरेज पडतं, आणि वर्षभराने हेड खोलावं लागतं. तोवर गाडी दुसऱ्याच्या नावावर गेलेली असते. शिवाय सीट झिजत गेली की व्हॉल्व्ह वर येतो आणि फट आपोआप कमी होते. म्हणजे एखादी गाडी कुणी हात न लावता दिवसेंदिवस गप्प होत जाते, आणि मालक कौतुकाने सांगतो, ‘‘आधी वाजायची, आता बघा.’’

मी टॅपेट कधी पूर्ण आवळले नाहीत. पण गिऱ्हाईक समोर उभं असताना शेवटचा जो केसभर फिरवा असतो, तो मी आतल्या बाजूला देत असे, बाहेरच्या नाही. का, ते वर सांगितलंच आहे. मला ती मान डोलावणारी माणसं आवडत होती.

माझ्या उस्तादाला हे सगळं पोरकट वाटे. ते टू-स्ट्रोकचे माणूस, राजदूत, येझदी आणि पुढे आरएक्स-100. त्या इंजिनात टॅपेटच नसतो, वाजणार काय? 1985 साली हिरो होंडाची सीडी-100 निघाली. ती आमच्या गावापर्यंत पोचली तेव्हा त्यांनी तिचं हेड उघडून बघितलं आणि ‘घड्याळजीचं काम’ म्हणून माझ्याकडे सरकवलं. त्या सरकवण्यावर माझी पुढची सगळी रोजीरोटी उभी राहिली. 1994ला स्प्लेंडर आली, 2010च्या शेवटी हिरो आणि होंडा वेगळे झाले, पण त्या 97.2 सीसीच्या इंजिनाचा सांगाडा तोच राहिला. 2020च्या एप्रिलपासून बीएस-6 आलं, कार्बोरेटर गेला, इंजेक्शन आलं, पोरं म्हणायला लागली की आता मिस्त्री संपला, स्कॅनर पाहिजे. स्कॅनर घ्यावाच लागला. पण त्या गाडीच्याही हेडवर टॅपेटची दोन गोल झाकणं आहेत, आणि ती उघडल्याशिवाय आतली फट स्कॅनर सांगत नाही.

आजकालचे काही मिस्त्री मात्र झाकण उघडतच नाहीत. आवाज आला की कंपनीच्या 10डब्ल्यू-30 तेलाऐवजी जाड तेल ओततात. जाड तेलात टिकटिक बुडते, गिऱ्हाईक खूश. थंडीतल्या सकाळी तेच तेल वर हेडपर्यंत चढायला उशीर लावतं आणि कॅम कोरडा फिरतो. विकायच्या गाडीला तर ही रीतच झाली आहे. जाड तेल, टाकीला स्टिकर, सीटला नवीन कव्हर, मीटर मागे. मीटर मागे घेणाऱ्यांवर मी फार रागावत नाही, कारण आमच्याकडे मीटरवर विश्वास ठेवणारं गिऱ्हाईकच नाही. तेलवाल्यांवर रागावतो. ते माझीच कला बाटलीत भरून विकतात.

कान गेल्यावर मी जुना उपाय सुरू केला. लांब पेचकसाचं टोक हेडवर टेकवायचं आणि मुठीवर दाढ दाबायची. आवाज कानाने न येता हाडातून चढतो. टिक मिळते, अगदी स्पष्ट, पण तिच्याबरोबर टायमिंग चेनची खरखर, पिस्टनची थाप, क्लचचा खुळखुळाट सगळं मिळतं. तोंडात तेलाची चव राहते आणि समोरचा माणूस हसतो. डोळे मिटून उभं राहण्यात जो रुबाब होता, तो यात नाही. शेवटी मी आणि त्या मुलाने वाटणी केली. बोटाने मी लावायचो, कानाने तो ऐकायचा. तो ‘बस’ म्हणायचा तिथे मी थांबायचो, आणि मला दर वेळी वाटायचं की अजून थोडं आत चाललं असतं.

पुढे त्याला हैदराबादला नोकरी लागली आणि गाडी विकायची ठरली. कागद चोख, नवीन सुरक्षित नंबरपट्टी बसवलेली, थर्ड पार्टी विमा चालू, चेन-स्प्रॉकेट नवं. इतक्या सरळ कागदांची जुनी गाडी माझ्या दुकानात क्वचितच विकायला आली असेल. फक्त थोडी वाजत होती. मी म्हणालो, गिऱ्हाईक यायच्या आधी केसभर आत घेतो, तू गेल्यावर कोण बघतंय. तो नको म्हणाला. आमचं चांगलंच वाजलं. मी त्याला सांगितलं की गाडी तुझी असली तरी दुकान माझं आहे, हुलसूरमध्ये लोक गाडी कुणाची ते विचारत नाहीत, हात कुणाचा ते विचारतात. पहिलं गिऱ्हाईक मान तिरकी करून ऐकून निघून गेलं. दुसऱ्याने, भालकीकडच्या एका दूधवाल्याने, आवाजाचं कारण काढून दोन हजार पाडून घेतले. 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर तिथेच सह्या झाल्या, कारण पोरगा सह्या झाल्याशिवाय चावी देणार नव्हता. कलम 50 त्याने दूधवाल्यालाही वाचून दाखवलं. विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं, नाहीतर पुढे अपघात झाला की पोलीस जुन्या मालकाच्या दारात येतात.

गाडी माझ्या दुकानासमोरून टिक टिक करत गेली असणार. मला ऐकू आलं नाही, पण लाज वाटली. त्या दूधवाल्याचा व्हॉल्व्ह जळणार नाही हे मला ठाऊक आहे. तरी वाटली. दोन हजार गेले त्याचंही वाईट वाटलं, पैसे माझे नसताना.

गेज आता वरच्या खणात असतं. अलीकडे मी प्रत्येक जुन्या गाडीला आधी टॅपेट स्क्रूचं तोंड उलटं करून बघतो, खळगा असेल तर स्क्रू बदलायला लावतो, मग पट्टी घालतो. गिऱ्हाईक कुरकुर करतं, स्क्रूचे पैसे देतं आणि वर विचारतं, ‘‘तरी वाजायलंय की?’’

पहिली जुनी गाडी घ्यायला निघालेल्यांना एवढंच सांगतो. सकाळी जा. टॅपेटची फट बघायची तर कंपनीच्या हिशेबाने इंजिन 35 अंशांच्या आत असावं लागतं, आणि मे महिन्यात आमच्या पत्र्याखाली दुपारी हवाच चाळिशीच्या वर असते. किक मारण्याआधी इंजिनावर तळहात ठेवा. गरम लागलं, तर मालकाने तुमच्याआधी गाडी चालू करून ठेवलेली आहे. चहा घ्या, भाव बोलू नका, दुसऱ्या दिवशी न सांगता जा.