हजेरीपटावरून प्रकृती

पोट साफ होतं का, हा आपल्याकडे वैद्यांचा पहिला प्रश्न. आता त्याचं उत्तर विष्ठेतल्या जिवाणूंच्या डीएनएवरून देऊ, असं सांगणाऱ्या चाचण्या घरपोच मिळतात. नमुना कुपीत घालून कुरिअरने पाठवायचा, की यथावकाश रंगीत अहवाल येतो आणि त्यात अनेकदा आतड्याच्या आरोग्याला चक्क गुण दिलेले असतात. सूक्ष्मजीवशास्त्राच्या बाजूने पाहता माझा आक्षेप तंत्राला नाही, या गुणांना आहे.

तंत्र देखणंच आहे. प्रत्येक जिवाणूत १६एस आरआरएनएचं सुमारे १५०० अक्षरांचं जनुक असतं. त्यातले काही भाग सर्वांत जवळजवळ सारखे, तर नऊ भाग गटागणिक बदलणारे. याच रेणूची तुलना करून कार्ल वूज यांनी १९७७ मध्ये आर्किया हा सजीवांचा निराळा वर्ग ओळखला. प्राणवायू लागताच मरणारे, म्हणून प्रयोगशाळेत वाढवायला अवघड असलेले आतड्यातले जिवाणूही या जनुकामुळे नोंदले जातात. पण स्वस्तातल्या चाचण्या या जनुकाचा एखाददुसरा तुकडाच वाचतात. त्यावरून प्रजाती कळते, जाती बऱ्याचदा कळत नाही, आणि ई. कोलाय या एकाच जातीत निरुपद्रवी वाणही असतात, जुलाब लावणारेही. डीएनए जिवंत जिवाणूचा की मेलेल्याचा, हेही समजत नाही. आकडे टक्केवारीत येतात, त्यामुळे एका गटाचा टक्का चढला तर तो वाढला की बाकीचे घटले, हा प्रश्न उरतोच. हा वर्गाचा हजेरीपट झाला. बाकावर कोण बसलंय ते दिसतं. अभ्यास कोण करतंय, ते नाही.

बरं, गुण द्यायचे तर आदर्श उत्तरपत्रिका हवी. रक्तातल्या साखरेला मर्यादा ठरलेल्या आहेत, आतड्यातल्या जिवाणूंना नाहीत. अमेरिकेतल्या ह्यूमन मायक्रोबायोम प्रोजेक्टने २०१२ मध्ये २४२ निरोगी प्रौढांचे निष्कर्ष मांडले. माणसागणिक जिवाणू कमालीचे वेगळे निघाले, त्यांची चयापचयाची कामं मात्र बरीचशी सारखी. म्हणजे एकच काम वेगवेगळे जिवाणू करू शकतात. भोपाळ आणि केरळमधल्या ११० निरोगी व्यक्तींच्या २०१९च्या अभ्यासात मुख्यतः शाकाहारी भोपाळकरांत प्रीव्होटेला या जिवाणूगटाचं प्राबल्य दिसलं, केरळात चित्र निराळं होतं. पाश्चात्त्यांचं मोजमाप लावून यांतल्या कुणाला नापास करायचं? बेल्जियममधल्या हजाराहून अधिक लोकांच्या २०१६च्या पाहणीत तर जिवाणूंमधल्या फरकाशी सर्वांत घट्ट नातं निघालं ते मल घट्ट की पातळ याचं. आणि आहार, वय, औषधं असे सगळे घटक धरूनही त्या फरकाचा दहावा हिस्सासुद्धा उलगडला नाही.

यावर कुणी म्हणेल, दुसऱ्याशी नका, स्वतःच्याच जुन्या अहवालाशी ताडून पाहा. कल्पना बरी आहे. पण आहार पूर्ण पालटला तर दोन-चार दिवसांतही ही वस्ती बदलते, हे २०१४ मध्ये प्रयोगाने दिसलं आहे. उपवासाच्या आठवड्यातला नमुना आणि दिवाळीच्या फराळानंतरचा नमुना यांतला फरक आजार म्हणून वाचला जाऊ नये. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जिवाणू बदलून रोग बरा होतो, हे सिद्ध झालंय ना? झालंय. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलच्या पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या संसर्गात निरोगी दात्याची विष्ठा आतड्यात सोडल्यावर १६ पैकी १३ रुग्ण पहिल्याच खेपेत बरे झाले, असं नेदरलँड्समधल्या २०१३च्या चाचणीत आढळलं. मात्र त्या रोगाच्या निदानासाठी डीएनए तपासतात तेव्हा प्रश्न एकच असतो: विष तयार करणारं जनुक नमुन्यात आहे की नाही? त्यासोबत रुग्णाचे जुलाबही पाहिले जातात. प्रश्न नेमका, म्हणून उत्तरही उपयोगी. 'माझं आतडं कसं आहे?' हा तसा प्रश्नच नाही.

नुकसान काय, असंही विचारतात. पैशांचं सोडा. अहवालात लाल रंग दिसला म्हणून माणसं गहू, दूध, डाळी सोडतात. हिरवा दिसला तर खरा आजार अंगावर काढतात. शौचातून रक्त जात असेल, वजन विनाकारण उतरत असेल, हिमोग्लोबिन घटलं असेल किंवा रात्री झोपेतून उठून शौचाला पळावं लागत असेल, तर कुपी मागवू नका. थेट पोटविकारतज्ज्ञांकडे जा.