चिंचोक्यांचा हिशेब

घारापुरीला आम्ही जायचो ते सोमवारी. त्या दिवशी लेणी बंद, त्यामुळे पायऱ्यांवरची दुकानंही बंद. टोप्या, माळा, ताक विकणाऱ्या बायकांना निवांत बसून बोलायला तेवढाच दिवस सापडतो. आम्ही नगररचनेचे विद्यार्थी. ग्रामपंचायतीला विकास आराखडा करायला हातभार लावणं हा आमच्या अभ्यासक्रमाचाच भाग होता.

राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर अशा बेटावर तीन वस्त्या. लेण्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला १९८७ साली, आणि समुद्राखालून केबल टाकून गावात वीज पोहोचली २०१८ साली. या दोन सालांमधलं अंतर माझ्या मनाला फार लागतं. समोर मुंबई रात्रभर झगमगायची आणि इथल्या मुलांचा अभ्यास संध्याकाळी काही तास चालणाऱ्या जनरेटरवर व्हायचा. लेण्यांसाठी येणाऱ्यांना गाव दिसतच नाही, आणि सरकारी कागदांवरही ते पुसटच असतं.

मोराबंदरच्या एका अंगणात बायकांनी रांगोळीने वस्तीचा नकाशा काढला. घरं, विहीर, वाटा, होड्या लागतात ती जागा. मग पाण्यासाठी दिवसाला जितक्या खेपा, तितके चिंचोके प्रत्येकीने आपापल्या घरावर ठेवायचे असं ठरलं. पावसाळ्याचे ठेवून झाले. चैत्र-वैशाखाचे मांडायला घेतले आणि चिंचोके संपले. एक काकी घरात जाऊन आणखी मूठभर घेऊन आल्या आणि आमच्याकडे बघून म्हणाल्या, "पावसात घर गलतं न् उन्हाल्यात हंडा रिकामा. मधलं पानी जातं कुठं, त्ये लिवा."

आमचा आराखडा तिथून सुरू झाला. या भागात वर्षाला २००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. म्हणजे ५० चौरस मीटरच्या छपरावर हिशेबाने १ लाख लिटर पाणी पडतं. गळती, बाष्पीभवन, पहिल्या पावसाचं सोडून द्यायचं घाण पाणी वजा केलं, तरी उरतं ते थोडं नाही. अडचण साठवायची. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते, आणि किनाऱ्यालगत सागरी किनारा नियमनाची बंधनं. लेणी जपलीच पाहिजेत, त्याबद्दल गावात कुणाचंच दुमत नव्हतं. पण कुठली टाकी कुठे बसते, हे घराघरागणिक टेप लावून बघावं लागलं. आमच्या कामातला हाच भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो.

शेवटच्या बैठकीत वाद झाला. तरुण मुलांना पर्यटकांसाठी घरगुती खाणावळी हव्या होत्या. त्यांचं खरं होतं: दहावी-बारावी होऊन पोरं उरणला, मुंबईला जातात ती परत येत नाहीत, बेटावर कमाईची दुसरी वाट कुठाय? बायका मात्र अडून बसल्या. पाहुणे जेवून उठले की ताटं घासायला लागणारं पाणी कुणाच्या डोक्यावरून यायचं, हा त्यांचा सवाल. बराच वेळ आवाज चढत राहिले. अखेर त्या काकींनीच तोड काढली, आणि ती आम्ही त्यांच्याच शब्दांत कलम म्हणून लिहून घेतली: ज्याची टाकी, त्याची खाणावळ.