बारा फेरे

मालमोटारीचा चेहरा बोलका असतो. १९५४ पासून १९६९ पर्यंत टाटांच्या मालमोटारीच्या नाकावर मर्सिडीजचा तारा होता; पुढे तो गेला आणि ‘टी’ आला. एवढे तर शाळकरी पोरही लांबून ओळखील. पण तिची खरी प्रकृती दडलेली असते मागच्या चाकांच्या मध्ये, पोटाखाली लोंबणाऱ्या त्या काळ्या लोखंडी गोळ्यात. तिथे कसली पट्टी असलीच तर ती तेलकट मातीने लिंपलेली. आणि पट्टीवरचे आकडे खरे मानावेत, तर आतला ऐवज मधल्या काळात किती वेळा बदलला, कोण जाणे!

मी शाळेत गणित शिकवणारा माणूस. या गोळ्याशी माझी ओळख झाली ती दादामुळे. दादा निफाडहून वाशीच्या बाजारात कांदा नेतो. जाताना भरल्या गाडीने कसारा घाट उतरायचा, येताना सिमेंट नाही तर खत लादून तोच चढायचा. एकदा घाटातच डिफ्रेन्शियलचे दाते गेले. नवे घेण्याची ऐपत नव्हती; पतपेढीचे दोन हप्ते थकले होते. तेव्हा दादा, मिस्त्री आणि मी असे तिघे एका भंगारवाल्याच्या आवारात गेलो.

मिस्त्रींनी आधी चाकाचा मध्य पाहिला. तिथे पुढे आलेले डोके आणि त्याभोवती नटांचे कडे दिसले की समजावे, हा फुल-फ्लोटिंग जातीचा अ‍ॅक्सल. यात सारे ओझे बाहेरच्या हौसिंगवर. आतल्या दांड्याने फक्त चाक फिरवायचे. म्हणून नट काढून तो दांडा खुशाल बाहेर ओढता येतो आणि भरलेली गाडी तशीच उभी राहते. हलक्या गाड्यांच्या सेमी-फ्लोटिंग जातीत मात्र दांड्याने फिरायचेही आणि ओझेही वाहायचे. (आमच्या घरात दादाचे तेच चालले आहे.)

जात कळली, राहिला रेशो. “एकेचाळीस-सहा आहे, डोळे मिटून घ्या,” भंगारवाला म्हणाला. म्हणजे क्राऊनला एकेचाळीस दाते, पिनियनला सहा, शाफ्ट ६.८३ वेळा फिरेल तेव्हा चाक एकदा. दादाच्या गाडीचाही हाच. पण पैसे हातात पडल्याशिवाय तो उघडून दाखवायला तयार नव्हता. मिस्त्री वाद घालत बसले नाहीत. त्यांनी गिअर न्यूट्रलमध्ये टाकला, चाकांना दगड लावले, हातब्रेक सोडला आणि मागचे एकाच बाजूचे चाक जॅकवर उचलले. टायरवर खडूची एक रेघ, प्रोपेलर शाफ्टवर एक.

“मास्तर, तुम्ही खाली शाफ्टचे फेरे मोजा. मी चाक बारा वेळा फिरवतो.”

बाराच का? एक चाक जमिनीवर अडलेले असले की उचललेले दुप्पट फिरते. त्याच्या दोन फेऱ्यांना क्राऊनचा एक. बारा फेरे म्हणजे क्राऊनचे सहा. पिनियनला सहा दाते असतील तर त्या क्षणी दोन्ही रेघा नेमक्या जागेवर येणार, आणि शाफ्टचे फेरे म्हणजेच क्राऊनचे दाते! इतकी वर्षे त्रैराशिक शिकवले, पण इतके देखणे उदाहरण कुठल्याच पुस्तकात भेटले नव्हते.

तेलाच्या चिखलात उताणा पडून मी मोजू लागलो. रेघ जागेवर आली.

“सदतीस.”

मिस्त्रींनी पुन्हा बारा फेरे फिरवले. पुन्हा सदतीसच.

भंगारवाला मुद्दाम खोटे बोलला असे मला वाटत नाही. त्यालाही कोणीतरी तसेच सांगितले असणार. त्याने लगेच किंमत उतरवली, आणि दादा विचारात पडला. सदतीस-सहाने सपाटीवर तेवढ्याच इंजिनाच्या फेऱ्यांत गाडी दहा टक्क्यांहून थोडी जास्तच पळेल. डिझेल वाचेल. वाचलेल्या पैशांत एक हप्ताही निघेल.

“चढताना इंजिन घुसमटेल,” मिस्त्री म्हणाले, “आणि उतरताना इंजिन गाडीला मागे धरते ना, तेही कमी धरील. सगळे ब्रेकवर येईल.”

दादा बराच वेळ त्या उचललेल्या चाकावर हात ठेवून उभा राहिला. मग त्याने नोटांचे पुडके पुन्हा आतल्या खिशात घातले आणि कोपऱ्यातल्या दुसऱ्या गाडीकडे बोट दाखवले. मी खडू घेऊन तिच्याखाली शिरलो.