दोन दिवस माथेरानीं आणि मागें राहिलेलीं मुकीं मंडळी

डिलाईल रोडचें नांव सरकारदरबारीं केव्हांच बदललें. 1911 सालीं सोशल सर्व्हिस लीग स्थापून गिरणगांवांत शिक्षणाचें व सेवेचें काम उभें करणाऱ्या नारायण मल्हार जोशी यांचें नांव आज त्या रस्त्यास आहे, आणि तें सर्वथा उचितच आहे. परंतु टॅक्सीवाल्यास "ना. म. जोशी मार्ग" असें सांगून पाहावें, तो क्षणभर विचारांत पडतो आणि "म्हणजे डिलाईल रोडच ना?" असें उलट आपणांसच विचारतो. लोअर परळचा रेल्वेवरील पूल 2018 च्या जुलैंत बंद झाला आणि 2023 च्या नोव्हेंबरांत पुरता खुला झाला. या पांच वर्षांत त्या पुलाचा उद्धार ज्यानें त्यानें "डिलाईल पूल" याच नांवानें केला.

आम्ही मूळचे इंदूरचे. होळकरशाहीपासून माळव्यांत रुजलेल्या मराठी घरांपैकीं आमचें एक. नोकरीनिमित्त मुंबईस आलों, आणि मराठी असूनहि मराठी मुलुखांत परदेशस्थासारखे राहूं लागलों. एकत्र कुटुंबांत नांदणाऱ्या आमच्या वाचकांस पुढील अडचण क्षुल्लक वाटेल. इंदूरच्या वाड्यांत गाय होती, दोन कुत्रे होते, मांजरांची तर मोजदादच नव्हती. पण घर कधीं बंद म्हणून झालें नाहीं. कोणी यात्रेस गेलें तरी आत्याबाई असत, काकू असत. येथें आम्ही तिघेंच, आणि चौथा मोत्या, पांचवी चिंगी. दोन दिवस कोठें जावयाचें म्हटलें कीं गाडीच्या वेळेआधीं प्रश्न निघतो तो हा, कीं कुत्र्यामांजरांचें काय?

आतां जनावरांचींहि पाळणाघरें निघालीं आहेत. गेल्या वर्षीं अशा एका ठिकाणीं मोत्यास ठेवलें होतें. भिंती स्वच्छ होत्या, हिशेबहि चोख होता. मात्र परत आला तेव्हां भुंकून भुंकून त्याचा घसा बसला होता व पुढें आठ दिवस तो दाराजवळून हलेना. चिंगीस तर घराबाहेर नेणेंच अशक्य. कुत्रा माणसाचा असतो, मांजर घराचें असतें.

मुक्या प्राण्यांच्या बाबतींत मुंबई निर्दय मात्र नाहीं. 1832 सालीं भटके कुत्रे मारण्याच्या सरकारी हुकुमाविरुद्ध पारशी मंडळी चवताळून उठली व शहरांत दंगल झाली. त्या पाठोपाठ, 1834 मध्यें, सर जमशेटजी जीजीभाई व शेट मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकारानें पांजरपोळ उभी राहिली. आमच्या घरापासून जवळच, परळास, दिनशा पेटिट यांच्या देणगीनें स्थापन झालेलें बाई साकरबाईंच्या नांवाचें जनावरांचें इस्पितळ आहे, व त्याच आवारांत 1886 पासून पशुवैद्यकाचें महाविद्यालय. 2024 सालीं तर महालक्ष्मीस टाटांनीं कुत्र्यामांजरांसाठीं पांच मजली रुग्णालय उघडलें. तेव्हां आजारी जनावरास या शहरांत आसरा आहे, टाकलेल्यासहि आहे. ठणठणीत जनावराचे धनी दोन दिवस गांवास गेले तर त्याची सोय लावणारी संस्था मात्र एकच, आणि ती म्हणजे शेजार.

आमचा शेजार म्हणजे समोरची बी.डी.डी. चाळ. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनें 1920 नंतरच्या कांहीं वर्षांत वरळी, नायगांव, शिवडी व डिलाईल रोड येथें मिळून 207 चाळी बांधल्या, त्यांपैकीं 32 आमच्या रस्त्यावरच्या. एकेका चाळींत 80 खोल्या, एकेक खोली 160 चौरस फुटांची. तेथील आक्का सातारा जिल्ह्यांतल्या. यजमान गिरणींत होते. 1982 च्या संपानंतर ते पुन्हां कामावर चढले नाहींत. आक्कांनीं खानावळ चालवून मुलें वाढविलीं. यंदां आम्ही त्यांनाच विचारलें.

"जावा की निवांत," त्या म्हणाल्या. "किल्ली द्या, येऊन दूध ठिवीन. मांजार हाय ते, पाव्हणं न्हाई. आन् कुत्र्याला हिकडं चाळीत आणा, पोरं हायती."

एवढ्यावर आम्ही निघालों. करी रोडला धिमीच गाडी थांबते, म्हणून दादरास उतरून कर्जतची जलद गाडी धरली. नेरळच्या छोट्या गाडीचीं तिकिटें मिळालीं, हें भाग्यच म्हणावयाचें. दोन फूट रुंदीचा हा लोहमार्ग आदमजी पीरभाई यांनीं 1907 सालीं पुरा केला. जुम्मापट्टी, वॉटरपाइप अशीं स्थानकें घेत, झाडांच्या फांद्या अंगाला घांसत, ती गाडी इतकी सावकाश चढते कीं मुंबईच्या माणसास प्रथम राग येतो आणि मग झोंप लागते. माथेरानांत मोटार नाहीं. लाल माती, घोड्यांचा वास, माकडांची धिटाई, पॅनोरमा पॉइंटवरचा पहांटेचा गारठा. अधिक वर्णन करीत नाहीं, आमच्या बहुतेक वाचकांनीं तें पाहिलेलेंच असेल. एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. माणसानें ओढावयाच्या रिक्षा तेथें पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या. 2025 च्या ऑगस्टांत सर्वोच्च न्यायालयानें त्या सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. घोडा थकला कीं नाहीं हें त्याच्या तोंडाकडे पाहून विचारणारे आपण माणसाच्या पाठीकडे इतकीं वर्षें कसें पाहत होतों, याचें नवल वाटतें.

दुसऱ्या रात्रीं घरांतील मंडळींस झोंप येईना. चिंगी पलंगाखालीं बसली असेल, मोत्या जेवला नसेल. दूरध्वनि केला तर आक्का म्हणाल्या, "जेवला. बांगडा खाल्ला त्यानं." आमच्या सोवळ्या मोत्यानें बांगडा खाल्ला, हें ऐकून आमच्या मातोश्रींनीं कांहीं वेळ मौन धरलें.

रविवारीं सायंकाळीं परतलों. चिंगीनें आमच्याकडे पाठ फिरवली व ती आक्कांच्या पायांत घोटाळूं लागली. मोत्यास चाळीच्या लांब व्हरांड्यांतून बाहेर काढावा लागला. चार पोरें व एक चेंडू सोडून यावयास तो तयार नव्हता. त्याचा घसा शाबूत होता.

आक्कांस चिक्की दिली. दांतांचें कारण सांगून त्यांनीं ती नातवास दिली आणि बोलतां बोलतां म्हणाल्या कीं त्यांच्या चाळीची पाळी आतां आली आहे. वरळीस 2025 च्या ऑगस्टांत 556 कुटुंबांस नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, तशा येथेंहि मिळावयाच्या. 160 च्या जागीं 500 चौरस फूट, घरांतच न्हाणी व शौचकूप. आक्कांनीं याची वाट किती वर्षें पाहिली हें आम्हांस ठाऊक आहे, आणि आम्हांसहि त्याचा आनंदच झाला. व्हरांडा मात्र त्या घरांत असणार नाहीं.

"वर कुत्रं चढवू देत्यात का वो, लिफ्टीतनं?" त्यांनीं विचारलें.

देतात, असें आम्ही सांगितलें. इमारत पुरी होईपर्यंत त्या कोठें राहणार, हें विचारलें. तें अजून ठरावयाचें होतें. दिवाळींत आम्हांस इंदूरला दहा दिवस जावयाचें आहे. आक्कांनीं मुलाचा दूरध्वनि-क्रमांक आमच्याकडून कागदावर लिहवून घेतला, तो आमच्याच हातीं दिला, आणि मोत्याची सांखळी दाराच्या कडीवरून सोडविली.